बटण एकदाच दाबावे

३ एप्रिल

ताई,

वर मायना लिहिलेला नाही. 'तीर्थरूप' लिहिलं तर तू हसशील आणि 'प्रिय' लिहिलं तर पत्र फाडशील, म्हणून नुसतं ताई. दोन वर्षांत पहिलंच पत्र आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस. तू शाळेत गणित शिकवतेस, भाषा नाही.

कामाचंच लिहितो. वीस तारखेला ग्राहक मंचापुढे तुझ्या तक्रारीची सुनावणी आहे. तू तक्रारदार, मी सामनेवाला. सख्ख्या भावाला सामनेवाला म्हणतात हे नोटीस हातात पडेपर्यंत मला माहीत नव्हतं. ती तक्रार तू मागे घ्यावीस, एवढं सांगायला हे पत्र.

तक्रार काय, तर माझ्या औषधांच्या दुकानाला पाच पायऱ्या आहेत आणि व्हीलचेअरवरच्या गिऱ्हाइकाला आत येता येत नाही. आहेत पायऱ्या. पण त्या तुला अडवायला बांधल्या नाहीत मी. पाऊस जास्त झाला की गटाराचं पाणी दुकानात शिरायचं. खालच्या कप्प्यातली औषधं दोनदा पोत्यात भरून फेकली आहेत मी. म्हणून दुकान नवं केलं तेव्हा जोतं उंच घेतलं. उतार करायचा तर तो किती लांब येतो ते तूच गणित करून बघ. निम्मा फुटपाथ जातो.

आणि तुझी नोटीस आल्यावर मी काही हातावर हात धरून बसलो नाही. पायऱ्यांच्या खाली, बसल्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर, घंटीचं बटण बसवलं. त्याच्या डोक्यावर पितळी पाटी केली. मजकूर माझाच: 'अपंग ग्राहकांसाठी. बटण एकदाच दाबावे. माणूस येईल.' एकदाच अशासाठी, की काही लोक बटण दिसलं की दाबतच सुटतात. माणूस खाली येतो, चिठ्ठी घेतो, वर जाऊन औषध आणून हातात देतो. रांगेत उभं राहायला नको की काही नको. इतकी बडदास्त चालत्या-फिरत्या माणसाचीसुद्धा होत नाही. तपासणीस येऊन गेले. त्यांनी बटण दाबलं, मी आतून आलो, त्यांनी 'सोय समाधानकारक' असा शेरा मारला. कागद माझ्याकडे आहे.

आमच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, ते कोपऱ्यावरचे चष्मेवाले, त्यांना ही कल्पना इतकी पसंत पडली की त्यांनी तशाच चाळीस पाट्या करायला टाकल्या आहेत. आमच्या रस्त्यावर पायऱ्या असलेली दुकानं चाळीस. मंचाने माझी घंटी मान्य केली की सगळीकडे तीच, कोणाला काही फोडायला नको. म्हणजे तुझ्या एका तक्रारीने चाळीस दुकानांत सोय झाली. जिंकलीस की तू. आता आणखी काय हवंय?

राहिली ती मागच्या महिन्यातली गोष्ट. तुझ्या कानावर आली असेलच. घड्याळं दुरुस्त करायचे ते काका, पाय गेल्यापासून खुर्चीवर असायचे, ते आमच्या पायऱ्यांखाली गेले. उन्हाचा तडाखा, त्यात साखरेचा आजार, त्यात वय. पोलिसांना सांगितलं तेच तुला सांगतो. ते दीडच्या सुमाराला आले असावेत. मी एक चाळीसला बाहेर आलो तेव्हा सगळं संपलं होतं. बटण त्यांनी दाबलेलंच नव्हतं. घंटीचा त्याच्याशी संबंध नाही.

शांतपणे विचार कर. राग धरायलाही दोन वर्षं म्हणजे पुष्कळ झाली.

तुझा
धाकटा


९ एप्रिल

ताई,

दोन पानी पत्राला तीन शब्दांचं उत्तर. 'घंटी वाजते का?' खाली सहीसुद्धा नाही. पोस्टकार्डाचा उरलेला भाग तरी कशाला वाया घालवलास?

कार्ड दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. काउंटरवर उभा असलो तरी तेच डोक्यात. इतरांना मी काहीही सांगितलं असतं, पण तुला लहानपणापासून खोटं पचत नाही, आणि मला तुझ्यापुढे ते धड बोलता येत नाही. तेव्हा ऐक.

बटणाला वायर नाही. वायरमन म्हणाला, वायर आत न्यायची तर पायऱ्यांचा ग्रॅनाइट फोडावा लागेल, चार दिवस दुकान बंद. नवाकोरा ग्रॅनाइट होता. म्हटलं राहू दे. बटण दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने भिंतीला चिकटवलंय. आत घंटी नाहीच. कधी नव्हतीच.

पण तू लगेच तोंड वाकडं करू नकोस, आधी पुरतं वाच. माझी खुर्ची दर्शनी काचेला लागून आहे. खाली कोणी आलं, हात बटणाकडे गेला, की मला दिसायचं. मी उठायचो. त्यांना वाटायचं घंटी वाजली. बाहेरच्या माणसाला आतली घंटी एरवीही ऐकू येत नाहीच. त्याने बटण दाबलं आणि माणूस आला, मग त्यात राहिलं काय? दीडेक वर्ष बिनबोभाट चाललं. एक पोलिओचे गृहस्थ तर म्हणाले, तुमच्याइतकं तत्पर दुकान पाहिलं नाही. खरं सांगतो, मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

मग यंदा फेब्रुवारीत खोकल्याच्या औषधाच्या कंपनीने काचेवर भलंमोठं पोस्टर लावलं. हसणारं कुटुंब, चौघेही तोंड उघडून हसतायत, खोकला कोणालाच नाही. त्यामागे खालचं काही दिसेना. मी ते काढणार होतो. आज काढू, उद्या काढू.

झालं, सांगितलं. आता दुसरं सांगतो, ते कोणाला बोलू नकोस.

वाजायला लागली आहे.

मी चेष्टा करत नाही. एक तारखेपासून काउंटरवर नवी बाई ठेवली आहे. कामाला चोख, बोलायला कमी. तिला बटणाचं काहीच माहीत नाही, पाटी वाचली असेल तेवढीच. परवा सकाळी मी इंजेक्शनांचा फ्रिज लावत होतो. टिंग असा आवाज आला. एकदाच. बारीक, स्वच्छ. मी हातातली बाटली तशीच धरून उभा राहिलो. मला वाटलं कानात वाजलं. तेवढ्यात ही बाई मान वर न करता म्हणते, "साहेब, खाली कोणीतरी आलंय. घंटी वाजली."

मी गेलो. खाली कोणी नव्हतं. वर येऊन म्हटलं, मुलांनी खोडी केली असेल. मग ती जेवायला गेल्यावर एकेक कप्पा ओढून मागे पाहिलं. छताची फळीसुद्धा उचकटली. ताई, आत वाजणारं काही नाही.

तू विचारलंस घंटी वाजते का. आता या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ, तूच सांग.

धाकटा


१३ एप्रिल

ताई,

रोज वाजते. अकरा वाजून दहा मिनिटांनी, दुकान बंद असतं तो दिवस सोडून. तो दिवसही मी आत जाऊन बसून पाहिला, शटर ओढून. नाही वाजली. म्हणजे दुकान उघडं असेल तरच.

आणि एकदाच वाजते. पाटीवर लिहिलंय तसं. दोनदा वाजली असती तर बरं झालं असतं, चिडून तरी जाता आलं असतं. त्या एका टिंगनंतर कोणीतरी हात मांडीवर ठेवून गप्प बसतं, असं वाटत राहतं. मग मला गोळ्या मोजता येत नाहीत. एका आजीबाईंना परवा दहाऐवजी आठ गोळ्या दिल्या. त्यांनी परत येऊन माझी खरडपट्टी काढली.

शुक्रवारी मी ठरवलं की आज खालीच उभं राहायचं. अकरालाच जाऊन पायऱ्यांच्या कडेला थांबलो. ऊन रणरणत होतं. अकरा दहाला आत वाजलेली मला बाहेर ऐकू आली. बटणाकडे मी टक लावून बघत होतो, त्याला कोणी हात लावला नाही.

मग लोकांकडे लक्ष गेलं. आमचा फुटपाथ सकाळी वाहता असतो, तुला माहीत आहे. लोक सरळ येत होते आणि बटणासमोर आले की जरा बाजूला होत होते. अंगाचा थोडासा कोपरा चोरायचा, पुढे जाऊन पुन्हा सरळ. खुर्ची ठेवलेली असली की आपण होतो ना, तसं. ओझं घेतलेला हमाल बाजूला झाला. फोनवर भांडत चाललेला एक माणूस, त्याला जगाची शुद्ध नव्हती, तोही झाला. एकीने तर "सॉरी हं" म्हटलं आणि पुढे गेली. कोणालाच आपण काय केलं ते कळलेलं नव्हतं. मी पाऊण तास बघत होतो. त्या हातभर जागेत एक पाऊल पडलं नाही.

शेवटी मीच गेलो. जाववेना. गुडघा काहीतरी टणक लागेल म्हणून आपोआप मागे येत होता. वाकून फरशीला हात लावला. आजूबाजूची फरशी तव्यासारखी तापलेली, आणि तेवढा चौकोन गार. वर ऊन सगळीकडे सारखंच होतं, सावली कसलीच नाही. त्या गार जागेच्या कडेला रस्त्यावरचं पिवळं कुत्रं येऊन पसरलं होतं. त्याला बरोबर समजलं होतं.

मी तिथे उभा राहून विचारलं, "काय देऊ?" गिऱ्हाइकाला विचारतो तसं. समोरच्या चपलांच्या दुकानातली मुलगी माझ्याकडे बघत होती, म्हणून मग घसा खाकरला आणि वर आलो.

एक चाळीसला फरशी पुन्हा तापली. कुत्रं उठून गेलं.

त्याच संध्याकाळी बटण उपटून काढलं. पट्टीसकट निघालं. भिंतीवर पांढरा डाग राहिला आहे. पाटीही काढणार होतो, पण वीस तारखेनंतर मंचाची माणसं बघायला येतील म्हणून अध्यक्ष नको म्हणाले. ते बटण आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. शनिवारी अकरा दहाला वाजली, तेव्हा मी खण उघडून बघितला. बटण आत होतं तसंच होतं.

मला हसू नकोस. हसलीस तरी चालेल, पण लिही काहीतरी.

धाकटा


१७ एप्रिल

ताई,

काल अध्यक्ष आले होते, सुनावणीची उजळणी घ्यायला. पाय पसरून बसले, चहा मागवला, आणि मला पाठ करून घेतलं. घंटी आहे का? आहे. वाजते का? वाजते. तपासणी झाली का? झाली. "बस, तीन उत्तरं. चौथं बोलू नका," म्हणाले. "तुमची बहीण खुर्चीवर बसून येणार. मंचाचे लोकही माणसंच आहेत, विरघळतात. तेव्हा तुम्ही आवाज चढवायचा नाही, फक्त वाजते म्हणायचं." चाळीस पाट्या तयार होऊन आल्यात त्यांच्याकडे. बटणंही आलीत. वायर मागवलेली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तुमची कुठे आहे?"

आणि तेवढ्यात वाजली.

माझा कप बशीवर आपटला. चहा सांडला. अध्यक्षांनी ऐकलं, ताई. कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "अरे वा, बसवून घेतलीत वाटतं. मंजुळ आहे. चाळीस दुकानांना असलाच आवाज घेऊ." कोण आलंय ते बघायला ना ते उठले, ना मी उठलो. त्यांनी उरलेला चहा संपवला आणि गेले.

त्यांच्यामागे काउंटरवरची बाई माझ्याजवळ आली. रोज वाजते आणि रोज मी 'कोणी नाही' म्हणतो, ते तिला पटत नव्हतं. म्हणाली, "साहेब, रागावू नका. पण त्या बाई रोज येतात आणि तशाच बसून राहतात. तुम्ही त्यांना काही देत का नाही?"

मी म्हटलं कोण बाई?

"खुर्चीवरच्या. तोंड दिसत नाही हो, पोस्टर आहे ना मधे. पोस्टरच्या खाली वीतभर काच मोकळी आहे, तिथून चाकं दिसतात आणि पाय."

मी म्हटलं, बाई नव्हे, म्हातारे गृहस्थ असतील. मला तेवढंच हवं होतं, की ती हो म्हणेल. माझी तयारी काकांची होती.

"नाही नाही, बाईच. काळ्या सँडल आहेत. चाकांच्या रिंगणाला हिरवी पट्टी गुंडाळलेली आहे. हाताला चटका बसू नये म्हणून असेल."

ताई, तुझ्या खुर्चीला हिरवी पट्टी आहे. उद्घाटनाच्या दिवशी मी ती बघितली होती. खूप वेळ बघितली होती, कारण तुझ्याकडे बघायची सोय नव्हती. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, आज बोलतो. तू एकटी आलीस, पायऱ्यांखाली थांबलीस आणि म्हणालीस, "मी इथूनच बघते, छान झालंय." नातेवाईक, औषध कंपन्यांची माणसं, सगळे वर दाराशी उभे. मला वाटलं, सख्खी बहीण रस्त्यावर बसली आहे, लोक काय म्हणतील. तू नको म्हणालीस. दोनदा म्हणालीस, मी ऐकलं होतं. तरी खाली उतरलो, तुला उचललं आणि आत आणून औषधांच्या खोक्यावर ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची खाली राहिली. तू टाळ्या संपेपर्यंत थांबलीस आणि हळूच म्हणालीस, "मला परत नेऊन ठेव." तेवढंच. तिसऱ्या महिन्यात नोटीस. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की प्रेमाने केलं. टाळ्यांसाठी केलं, ताई.

आज सकाळी अकरा दहाला तुझ्या शाळेत फोन केला होता. तू कुठे आहेस विचारलं. शिपाई म्हणाला, सातवीच्या वर्गावर, आवाज येतोय इथपर्यंत. मी फोन कानाला धरून होतो आणि इकडे आत घंटी वाजली.

तू येत असशील तर सांग. कशीही येत असशील, मला चालेल. पण तू येत नाहीस ना?

काकांचंही खरं सांगून टाकतो. ते दीडला आले नव्हते. अकरा दहाला आले. बटण त्यांनी दाबलं होतं, मी बाहेर आलो तेव्हा बोट बटणावरच होतं. पोलिसांना मी हे सांगितलं नाही. चपलांच्या दुकानातल्या मुलीने बाराच्या सुमाराला त्यांना विचारलं होतं, आजोबा, मी वर जाऊन हाक मारू का? ते म्हणाले, "नको गं पोरी. घंटी दाबली आहे मी. माणूस येईल असं लिहिलंय. उगाच घाई केल्यासारखं दिसतं." हे तिने मला एकट्याला गाठून सांगितलं, आणि तेव्हापासून ती माझ्या दुकानातून काही घेत नाही. पाटीवरची ती ओळ मी लिहिली होती. त्यांनी ती वाचली आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

धाकटा


१९ एप्रिल

ताई,

तुझी चिठ्ठी शाळेच्या शिपायाने आणून दिली. या वेळी दोन ओळी. 'मुलीने त्यांना बाराला पाहिलं. अकरा दहाला आले हे तुला कसं कळलं?'

मला वाटलंच होतं, तू हे धरणार. मी पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभा राहून मनात म्हटलं, आता ती धरणार. खरं तर त्यासाठीच लिहिलं असेन. मला स्वतःहून सांगायचं धाडस नव्हतं. तू विचारलंस, बरं झालं.

पोस्टरच्या खाली वीतभर काच मोकळी आहे हे मला काउंटरवरच्या बाईने सांगायची गरज नव्हती. मला पोस्टर लावल्या दिवसापासून माहीत होतं. खुर्चीवर बसून जरा वाकलं की फुटपाथ दिसतो. माणसं नाही दिसत, पाय दिसतात.

त्या दिवशी मी वाकलो होतो. दोन चाकं दिसली, येऊन बटणाशी थांबली. काकांना खुर्ची घेऊन जेमतेम महिना झाला होता, एरवी औषध त्यांची सून न्यायची. त्यांचं मला सुचलंच नाही. चाकं दिसली आणि मला वाटलं, तू आहेस.

मला वाटलं, सुनावणी जवळ आली, ताई स्वतः तपासायला आली. घंटी खोटी आहे हे तिने ओळखलं असणार आणि आता पुरावा गोळा करते आहे. उठून खाली गेलो असतो तर एका मिनिटात काम झालं असतं, तुझ्या तक्रारीतली हवा गेली असती. तेही सुचलं होतं मला. पण माझं डोकं फिरलेलं होतं. त्याच सकाळी मंचाची तारीख पडल्याचा कागद आला होता, त्यावर पुन्हा सामनेवाला. म्हटलं, बसू दे. चार लोकांत मला नाचवते, बसू दे जरा उन्हात. मी घड्याळात बघितलं, अकरा दहा. मुद्दाम बघितलं. किती वेळ बसते ते मोजायला.

मग कामाला लागलो. चार वेळा वाकून पाहिलं. साडेअकरा, बारा, साडेबारा, एक. चाकं जागची हलली नव्हती. पाय मी पाहिले नाहीत, चाकांना हिरवी पट्टी आहे का तेही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर एका क्षणात कळलं असतं, ताई. पण मला बघायचंच नव्हतं, मला फक्त ती अजून आहेत की गेली एवढं बघायचं होतं. दर वेळी मनात म्हणत होतो, हट्टी आहे, लहानपणापासून हट्टी. साडेबाराला तर मला थोडी गंमतही वाटली. एक वाजता वाटली नाही, पण तोवर हट्टाला मीही पेटलो होतो.

एक चाळीसला उठलो. तुला काय म्हणायचं ते वाक्य तयार होतं. दारातूनच म्हणालोसुद्धा, "झालं समाधान?" आणि मग पाहिलं. काका होते. मान खाली, एक हात बटणावर, दुसऱ्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी नीट घडी करून धरलेली.

त्या वेळी सगळ्यात आधी मला काय वाटलं ते लिहितो, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. मला हायसं वाटलं. तू नाहीस म्हणून. त्यांचा हात हातात घ्यायच्या आधी, कोणाला हाक मारायच्या आधी, मी तिथे पायरीवर बसलो आणि मला हायसं वाटलं.

उद्या मंचापुढे अध्यक्ष पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांना वाटतंय मला तीन उत्तरं पाठ आहेत. घंटी आहे का विचारतील. नाही म्हणणार आहे. कधीच नव्हती, आणि या रस्त्यावर ज्या चाळीस येणार आहेत त्याही नसतील. काका किती वाजता आले, किती वेळ बसले, सगळं सांगणार आहे. माझी जीभ अडखळली तर म्हणून हे पत्र तुझ्याकडे देतो आहे. मागच्या बाजूला सही पूर्ण नावाने केली आहे, तारीख घातली आहे. तू ते मंचापुढे ठेव. भावाचं आहे म्हणून मागे ठेवू नकोस. काकांच्या सुनेलाही एक प्रत दे. मी तिच्याकडे दोनदा गेलो आणि दोनदा जिन्यातूनच परत आलो.

घंटी थांबावी म्हणून हे करतोय असं समजू नकोस. आजही वाजली. मी खाली गेलो, त्या गार जागेपासून हातभर लांब, फुटपाथवर बसलो आणि एक चाळीसपर्यंत बसून राहिलो. लोक माझ्यावर वैतागले, एकाने पायही दिला. शेजारच्या जागेला कोणाचा धक्का लागला नाही.

काकांचं काय ते मंच बघेल, पोलीस बघतील. त्यांचं नाव आहे, वेळ आहे, साक्षीदार आहे. पण खाली रोज येते ती खुर्ची त्यांची नाही, आणि तिच्यावर कोण बसलेली असते हे तिथे मला कोणी विचारणार नाही. म्हणून तुला सांगतो. तू वर्गावर असतेस, घरी असतेस, सुखरूप असतेस, ते मला माहीत आहे. तरी ती तूच आहेस. मरताना तिथे काका होते. पण अकरा दहापासून एक चाळीसपर्यंत, अडीच तास, मी उन्हात तुलाच बसवलं होतं.

धाकटा